मदत हवी आहे: जुन्या सीआरटी (पिक्चर ट्यूबच्या) मॉनिटरवर फक्त आडवी रेघ (नागपूर)

नमस्कार मंडळी,

बाबांच्या टायपिंगच्या दुकानातला १४ इंची रंगीत व्हीजीए मॉनिटर दुरुस्त करायचा आहे. सोबतचा डॉसवाला ४८६ कॉम्प्युटर अजून ठणठणीत आहे. एलसीडी लाव म्हणून सगळे सांगतात, पण ३२० बाय २०० पिक्सेलची चित्रं ट्यूबवर दिसतात तशी एलसीडीवर दिसत नाहीत, आणि मला ही जोडी तोडायची नाही.

आधी मॉनिटर तापला की चित्राची वरची कड दुमडायची. आता मधोमध एकच झगझगीत आडवी रेघ उरली आहे. दुसऱ्या कॉम्प्युटरला लावला तरी तेच. पडद्यावर कायमचा डाग पडू नये म्हणून लगेच बंद केला. रेघ दिसते म्हणजे ईएचटी (ट्यूबला लागणारा अतिउच्च दाब) आणि हॉरिझॉन्टल (चित्र आडवं पसरवणारा भाग) शाबूत, बिघाड व्हर्टिकलमध्ये (चित्र उभं पसरवणाऱ्या भागात), असं मला वाटतं. बरोबर आहे का?

सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर आहे. पिक्चर ट्यूबला मात्र कधी हात लावलेला नाही, म्हणून कॅबिनेट उघडलेलं नाही. ट्यूब डिस्चार्ज कशी करतात, म्हणजे तिच्यात साठलेली वीज कशी उतरवतात? आधी काय तपासू? बर्डीकडे (सीताबर्डी) जुन्या टीव्हीचा जाणता मेकॅनिक कोणाला माहीत असेल तर तेही सांगा.

प्रतिसाद:

भाऊ, अंदाज बरोबर आहे. उघडलं नाही हे फार चांगलं केलं.

नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा. ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली २० हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि तो बंद केल्यावरही टिकतो. चांगल्या मुठीच्या स्क्रूड्रायव्हरला वायर बांधा, तिचं दुसरं टोक ट्यूबमागच्या उघड्या तारेच्या जाळीला लावा, मगच पातं टोपीखाली सरकवा. एक हात मागे ठेवा. थोड्या वेळाने पुन्हा करा, कारण चार्ज परत येतो. ईएचटी साध्या मल्टिमीटरने कधीच मोजू नका. पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी असतो. तो स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट न करता जास्त वॉटच्या रेझिस्टरने उतरवा. ट्यूबची मान नाजूक असते, तिला धक्का नको.

नंतर हीटसिंकवरची (उष्णता काढून घेणाऱ्या धातूच्या तुकड्यावरची) व्हर्टिकल आयसी शोधा. तिच्या पायांभोवती बारीक गोल भेगा दिसल्या तर ड्राय सोल्डर (सुटलेला सोल्डरचा जोड) आहे, नवीन सोल्डर मारा. वरची कड दुमडत होती, म्हणजे आयसीजवळचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही सुकले असणार. नवीन घालताना १०५ डिग्री तापमान सोसणारेच घाला. आयसी लगेच बदलू नका. आधी तिचा नंबर आणि बोर्डाचा फोटो इथे टाका.