डिस्क टाकली की व्हिडिओ आपोआप सुरू होतो, तो कसा बंद करायचा?

बोरीकाठची सून (अमळनेर तालुका)

नमस्कार. घरी जुना डेस्कटॉप आहे, विंडोज १० होम, डीव्हीडी रायटर असलेला. कपाटात मिठाईच्या डब्यात ३७ डिस्क आहेत. २००९ च्या आमच्या लग्नाच्या ४, नणंदेच्या लग्नाच्या ३, जावळं, बारशी, दोन वर्षांच्या कानबाईच्या सणाच्या (आमच्या खान्देशातली देवी), आणि काही मुलाच्या पुस्तकांसोबत आलेल्या.

माझ्या सासूबाई मागच्या मार्गशीर्षात गेल्या. सगळी गल्ली त्यांना जिजी म्हणायची. हळदीची, कानबाईची अहिराणी गाणी त्यांना इतकी पाठ होती की लग्नघरी त्यांना आधी बोलावणं यायचं. मोबाइलवर त्यांचं एकही गाणं नाही. जे आहे ते या डब्यात. म्हणून सगळ्या डिस्क कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायच्या ठरवल्या.

मागच्या रविवारी पहिली डिस्क टाकली. मला फक्त फाइल कॉपी करायच्या होत्या. पण अर्ध्या मिनिटात पडदाभर व्हिडिओ सुरू झाला आणि स्पीकर मोठ्यानं असल्यामुळे जिजींचं हळदीचं गाणं घरभर गेलं. सासरे, म्हणजे बापू, बाहेर बाजेवर पडलेले होते. ते उठून दारात आले, चौकट धरून उभे राहिले आणि म्हणाले, "कोन गाई ऱ्हायनं?" मला बंद करायला माउस सापडेना. त्या दिवशी बापू जेवले नाहीत.

त्यांनी ते पाहावं असं मलाही वाटतं, पण त्यांचं मन तयार असेल तेव्हा, आणि त्यांना आधी सांगून. कॉम्प्युटरनं परस्पर लावून द्यायला नको. सेटिंगमध्ये ऑटोप्ले शोधलं. तिथे पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड एवढंच दिसलं, डिस्कचं नावच नाही. ते दोन्ही बंद करून पाहिलं, डिस्क तरी सुरू होतेच. आता डब्याला हात लावायची भीती वाटते. कुणी नीट सांगेल का?

शिरपूरचा भाचा

ताई, वाचून वाईट वाटलं. काम पाच मिनिटांचं आहे, काळजी करू नका. फक्त तुम्ही योग्य जागी पोचला नाहीत.

स्टार्टमध्ये कंट्रोल पॅनेल टाइप करून ते उघडा. वर उजवीकडे व्ह्यू बाय आहे, तिथे लार्ज आयकॉन्स निवडलं की ऑटोप्ले दिसेल. ही जुनी खिडकी आहे आणि डिस्कची सगळी यादी इथेच आहे: डीव्हीडी मूव्ही, ऑडिओ सीडी, व्हिडिओ सीडी, सॉफ्टवेअर, सगळं वेगवेगळं. प्रत्येकासमोर टेक नो ॲक्शन निवडा. सगळंच बंद करायचं असेल तर सर्वांत वरची 'यूज ऑटोप्ले फॉर ऑल मीडिया अँड डिव्हाइसेस' या ओळीची खूण काढा. मग खाली सेव्ह दाबायला विसरू नका. सेव्ह न दाबता खिडकी बंद करणारे मी खूप पाहिले आहेत.

आणि ताई, पहिली चाचणी जिजींच्या डिस्कनं करू नका. मुलाच्या पुस्तकातली टाका. त्याआधी स्पीकरची वायर काढून ठेवा.

पारोळ्याचा वाचक

एवढं करायची गरज नाही. डिस्क आत जाताना डावी शिफ्ट दाबून धरायची, काही सुरू होत नाही. मी वर्षानुवर्षं हेच करतो.

जळगाव, दुरुस्तीवाला

भाऊ, तुमचं म्हणणं जुन्या विंडोज एक्सपीपर्यंत खरं होतं. त्यानंतरच्या विंडोज व्हिस्टापासून पुढे शिफ्ट धरली की उलट ऑटोप्लेची खिडकी उघडते, सेटिंग काहीही असो. ताईंकडे विंडोज १० आहे, त्यांनी शिफ्टवर विसंबू नये.

मी या कामात बरीच वर्षं आहे आणि हा विषय मला फार जवळचा आहे, म्हणून थोडं लांबवतो. यात दोन गोष्टी आहेत, लोक त्या एकच समजतात. ऑटोरन विंडोज ९५ बरोबर आलं. डिस्कवर ऑटोरन नावाची एक छोटी मजकुराची फाइल असते आणि कोणता प्रोग्रॅम चालवायचा ते तीत लिहिलेलं असतं. ऑटोप्ले त्यानंतर एक्सपीत आलं. ते डिस्कवर गाणी आहेत की फोटो की व्हिडिओ, हे पाहून काय करायचं ते विचारतं, किंवा आधी ठरवून ठेवलेलं करतं. ताईंच्या घरी हे दुसरं झालं असावं. कधीतरी कुणी 'नेहमी यातच उघड' असं निवडून दिलेलं असतं आणि नंतर कुणाला आठवत नाही.

ही सोय नवशिक्यांसाठी केली होती, पण तिचा त्रास फार झाला. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडी कॉम्प्युटरमध्ये टाकल्या की लपून राहणारं सॉफ्टवेअर आत बसायचं, शेवटी कंपनीला त्या सीडी परत घ्याव्या लागल्या. २००८ च्या अखेरीस कॉन्फिकर नावाचा विषाणू आला, तो पेनड्राइव्हवरच्या ऑटोरनमधूनही पसरायचा. विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हचं ऑटोरन बंद झालं आणि फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सपी, व्हिस्टालाही तसाच अपडेट दिला. सीडी-डीव्हीडी मात्र त्यातून वगळल्या. छापून आलेल्या डिस्कवर विषाणू स्वतःला लिहू शकत नाही, हा त्यामागचा विचार. घरच्या डिस्कसाठी बंद करणं म्हणूनच आपल्या हातात आहे.

कुणी जीपीएडिट, म्हणजे विंडोजचं ग्रुप पॉलिसी एडिटर, सांगेल, पण होम आवृत्तीत ते येत नाही. शिरपूरच्या भाच्यानं सांगितलेलाच रस्ता धरा.

बोरीकाठची सून

दोघांचे मनापासून आभार. आज दुपारी बापू शेतात गेल्यावर केलं. चार ठिकाणी टेक नो ॲक्शन, सेव्ह, वायर काढली. मुलाच्या स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातली सीडी टाकली, ती गप्प राहिली. मला इतकं बरं वाटलं! मग नणंदेच्या लग्नाची टाकली, तर पुन्हा एक प्लेयर पडदाभर उघडला. आधीचा नव्हे, निळ्या चौकटीचा दुसराच. आवाज नव्हता म्हणून वाचले. हे कुठून आलं?

जळगाव, दुरुस्तीवाला

म्हणजे विंडोजनं ऐकलं, पण दुसरं कुणीतरी ड्राइव्हवर डोळा ठेवून आहे. रायटरसोबत एक डिस्क यायची, तीत लिहिण्याचं सॉफ्टवेअर आणि प्लेयर असायचा. ते मशीन सुरू झाल्यापासून मागे बसून राहतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर येईल. फक्त चारच ओळी दिसल्या तर खाली मोर डिटेल्स दाबा. स्टार्टअपमध्ये त्या प्लेयरचं नाव शोधून डिसेबल करा आणि मशीन रीस्टार्ट करा. लागत नसेल तर सरळ काढूनच टाका, डिस्क बघायला व्हीएलसी हा मोफत प्लेयर पुरतो.

आणखी एक महत्त्वाचं. हे सगळं झाल्यावरही ड्राइव्हवर डबल क्लिक करू नका. व्हिडिओची डिस्क डबल क्लिकनं सुरू होऊ शकते. राइट क्लिक करून ओपन निवडा. आत 'व्हिडिओ टीएस' नावाचं फोल्डर असेल, ते जसंच्या तसं कॉपी करा. एका डीव्हीडीला सुमारे साडेचार जीबी जागा धरा. जुनी व्हीसीडी असेल तर एमपीइजीएव्ही फोल्डरमध्ये डॅट फाइल असते, ती व्हीएलसीत चालते.

नंदुरबारचे निवृत्त गुरुजी

माझ्या घरी लिनक्स, म्हणजे उबुंटू आहे. तिथेही ही सवय असतेच. सेटिंगमध्ये रिमूव्हेबल मीडिया आहे, तिथे 'कधीच विचारू नको, काही चालवू नको' अशा अर्थाची खूण करता येते. माझं एक सांगणं आहे मुली, हे काम पावसाळ्यावर ढकलू नकोस. घरी लिहिलेल्या डिस्कचा रंगाचा थर ऊन आणि उष्णतेनं खराब होतो आणि आपल्याकडचा मे कसा असतो ते तुला सांगायला नको. माझ्या भावाच्या आवाजाची एक सीडी मी पत्र्याच्या खोलीत ठेवली होती. ती आता कुठल्याच ड्राइव्हमध्ये वाचली जात नाही. उतरवलेलं दोन ठिकाणी ठेव, एक प्रत नणंदेकडे दे.

बोरीकाठची सून

गुरुजी, तुमचं वाचून त्याच रात्री बसले. डबा आता आतल्या खोलीत, भिंतीतल्या कपाटात आहे.

स्टार्टअपमध्ये तो निळा प्लेयर सापडला, काढून टाकला. आता डिस्क टाकली की ड्राइव्हची घरघर तेवढी ऐकू येते, पडद्यावर काही येत नाही. राइट क्लिक, ओपन, कॉपी. चार रात्रींत ३५ उतरल्या. एक ८० टक्क्यांवर अडकत होती, ती मऊ सुती कापडानं मधून कडेकडे सरळ पुसली, गोल फिरवलं नाही, मग गेली. कानबाईची एक अजून अडते, ती धुळ्याला दिराच्या ड्राइव्हमध्ये लावून बघणार आहे. नणंदेला हार्ड डिस्कवर प्रत दिली.

काल संध्याकाळी बापूंना शांतपणे सांगितलं, की जिजींची गाणी सगळी जपून ठेवली आहेत, तुम्ही म्हणाल तेव्हाच लावीन. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "कानबाईले समदा येतीन, तवय लाव."