हिवाळा, हेल्मेट आणि काचेवरची वाफ: आपापले अनुभव टाका

वर्धारोडी
आज सकाळी पोरगा क्लासला निघाला, सहा वाजता, अंधारच होता. गाडी काढली, हेल्मेट घातलं अन् गेटपाशीच थांबून बोटानं आतून काच पुसून राहिला. मी वर गॅलरीत चहा घेऊन उभा. म्हटलं बाबू काच उघडी ठेवून जा. तर म्हणे पप्पा डोळ्यात पाणी येते न थंडीनं. गेला. अन् मले एकदम २०१८ चा डिसेंबर आठवला.

२९ तारीख, ३.५ डिग्री. नागपूरवाल्याले यापुढे काही सांगायची गरज नाही. माझी तेव्हा बुटीबोरीले फर्स्ट शिफ्ट. वर्धा रोडवर मेट्रोचं काम चालू, दोन्हीकडून पत्रे ठोकलेले, रस्ता कुठं अन् खड्डा कुठं काही पत्ता नाही. हेल्मेट रात्रभर गाडीच्या आरशाले लटकवलेलं, काच बर्फासारखी थंड. श्वास सोडला की पांढरं, पुसलं की पाच सेकंद दिसे, पुन्हा पांढरं. खापरीच्या अलीकडं वैतागून काच वर केली तर समोर ट्रकचा मागचा फाळका, टेललाइट बंद, उभा. दहाएक फूट असंल. हँडल मारलं, गिट्टीवर घसरलो, गुडघा फुटला. एक सेकंद उशिरा काच वर केली असती तर हा धागा काढाले मी नसतो.

पोराले सांगितलं नाही हे कधी. बायकोलेही "गाडी स्लिप झाली" एवढंच सांगितलेलं. तर सांगा, तुम्ही लोकं काय करता काचेचं? ऐकीव नको, करून पाहिलेलं सांगा.

चष्मिस
आमच्या तर दोन काचा आहेत दादा 😭 आधी चष्मा धुंद होतो मग हेल्मेट, कोणती पुसू? शंकरनगरच्या सिग्नलला रोज आंधळ्यासारखा उभा असतो, मागचा हॉर्न मारतो तेव्हा समजतं हिरवा झाला.

तर्री_मारके
सहा वाजता उठणाऱ्या पोट्ट्याला आधी सलाम 🙏 आमचा साडेनऊपर्यंत गोधडीतून निघत नाही, त्याच्या काचेवर वाफ येतच नाही

सकाळची_शाळा
मी लिहिते माझं, डबे भरता भरता लिहून राहिली त्यामुळे चुका माफ करा. माझी शाळा सातची, ॲक्टिवा. आपण बायका दुपट्टा बांधतो न नाकावरून, डोळेच फक्त दिसतात असा, उन्हाळ्यात ठीक आहे पण हिवाळ्यात तोच घोळ करतो कारण श्वास खाली जायला जागाच राहत नाही, सगळी वाफ वर, डोळ्याच्या बाजूने, काचेवर. मला हे समजायला दोन वर्षं लागली, मी हेल्मेटवाल्यालाच शिव्या देत होती. आता दुपट्टा फक्त गळा आणि कानाला बांधते, आणि नाकावर ती तार असलेला मास्क, करोनातले उरलेत न घरात पुष्कळ, तार नाकाशी नीट दाबली की वाफ खाली जाते. पूर्ण थांबत नाही पण चष्मावाल्या दादांनी हे करून पाहाच. आणि ओल्या केसांवर हेल्मेट घालू नका, सोमवारी केस धुऊन निघाली की हमखास जास्त वाफ. चला कुकर झाला.

चष्मिस
ताई तार असलेला मास्क उद्याच करतो. थँक्यू. डबा कसला आहे 😄

सकाळची_शाळा
मेथीचे पराठे. पाहुणचार नंतर.

पाना_पेंचिस
गॅरेज आहे माझं, काच बदलायला येतात लोकं म्हणून सांगतो. टूथपेस्ट लावू नका रे बाबांनो. यूट्यूबवर पाहून येतात. पेस्टमध्ये घासणारी पावडर असते, पहिल्या दिवशी चकचकीत दिसतं, महिन्याभरात आतून बारीक बारीक ओरखडे, रात्री समोरून गाडी आली की लाइटचे काटे काटे फुटतात डोळ्यात. एक जण तर थिनरनं पुसून आला होता, पेंटिंगचं काम करतो तो, हाताशी थिनर होतं. दोन दिवसांत काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा. ही काच नसते, पॉलिकार्बोनेट असतं, त्याला थिनर, पेट्रोल, ॲसिटोन काही चालत नाही. अमोनियावाला ग्लास क्लीनर पण नको. आणि ओरखडे पडले असतील तर काच बदला ना बे, पूर्ण हेल्मेट कोण घ्यायला सांगून राहिलं.

तर्री_मारके
अर्धं हेल्मेट घाला, काचच नाही, वाफच नाही. सोल्व्ड.

पाना_पेंचिस
आणि दात पण नाही मग. भैताडासारखं काहीपण नको सांगू, लोकं करतात खरंच.

काटोलकर
आमच्याकडं बटाटा. हसू नका. संत्र्याचा माल घेऊन कळमन्याले जायचो आम्ही, काकाचा मेटॅडोर, वायपर बंद पडलेला कधीचाच, पावसाळ्यात काका तंबाखू चोळे काचेवर, बिडीतली काढून, अन् हिवाळ्यात आतून अर्धा बटाटा. तर मी तेच हेल्मेटले केलं. पहिली दहा-पंधरा मिनिटं खरंच मस्त. मग तो रस वाळला अन् पांढरे ओघळ, अन् उन्हात ठेवलं तर असा वास की विचारू नका, बायको म्हणे हेल्मेटमध्ये भाजी ठेवली का. तंबाखू हेल्मेटमध्ये करून पाहिली नाही, नाकापाशी येते न ती, शिंकूनच पडलो असतो.

संत्र्याच्या आंबिया बहाराले, म्हणजे हिवाळा सरतानाच्या मोहोराले, पाणी कधी देऊन राहिले कोणी? आमच्याकडं थंडी यंदा उशिरा लागली.

खडू_डस्टर
तोंडातून निघणारी हवा गरम आणि ओलसर, काच थंड. ती हवा काचेला लागून दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचं पाणी होतं त्याच्या, खाली गेली की पाणी सुटतं, आणि ते बारीक बारीक थेंबांच्या रूपात बसतं. थेंब प्रकाश चारीकडे उडवतात म्हणून पांढरं दिसतं, पाणी स्वतः पांढरं नाही. मग उपाय तीनच दिशांनी: काच थंड होऊ देऊ नका, ओली हवा तिथं पोहोचू देऊ नका, नाहीतर थेंब बनू देऊ नका. साबण तिसरं काम करतो, पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, थेंबाऐवजी सपाट पापुद्रा पसरतो आणि त्यातून आरपार दिसतं.

माझी पद्धत: बेबी शाम्पूचा एक थेंब, ओल्या बोटानं आतून पसरायचा, वाळू द्यायचा, मग मऊ सुती कापडानं हलकं पुसायचं म्हणजे दिसायला साफ पण थर राहिला पाहिजे. धुवायचं नाही! इथंच सगळे चुकतात, लावतात आणि धुऊन टाकतात आणि म्हणतात उपयोग नाही. माझा एक थर दोन-तीन दिवस टिकतो. भांड्याचं लिक्विड पण चालतं पण डोळ्याला झोंबतं.

हेल्मेट रात्री बाहेर ठेवू नका, धागाकर्त्यांची निम्मी वाफ त्या आरशावरच तयार झाली होती.

वर्धारोडी
सर पटलं. आज पाहिलं तर पोराचंही आरशालेच लटकलेलं. बापाचं वळण.

छिंदवाडा_सर्किट
आम्ही ग्रुपनं दर हिवाळ्यात पहाटे निघतो, सावनेर, सौंसर करत. पिनलॉक घ्या, विषय संपला. काचेच्या आतून दुसरी पातळ काच बसते, कडेला सिलिकॉनची पट्टी, मधे हवा कोंडलेली राहते त्यामुळं आतली काच बाहेरच्या थंडीत गार पडत नाही. रामटेकच्या पुढं धुक्यात तीन तास चालवलं, एक थेंब नाही. फक्त तुमच्या काचेवर त्या दोन खुंट्या पाहिजेत, स्वस्तातल्या हेल्मेटला नसतात. आणि वाकडी बसली तर दोन काचांच्या मधेच वाफ जाते आणि मग ती पुसता पण येत नाही, माझं एकदा झालंय, देवलापारला उतरून सगळं खोललं. आतली काच नरम असते, रुमालानं खसाखसा घासू नका. रात्री समोरच्या लाइटच्या थोड्या डबल सावल्या दिसतात हे पण खरं, सांगून टाकतो, नंतर शिव्या नको.

चष्मिस
देवलापारला पोहे कुठे खाता

छिंदवाडा_सर्किट
पोहे इथूनच खाऊन निघतो, तर्री तिकडं नागपूरसारखी नाही

तर्री_मारके
आता माझं नाव निघालं 🙋‍♂️ पत्ता कोणाला पाहिजे

रातपाळी
मी नर्स आहे, नाइट संपवून सकाळी सातला निघते. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आमच्या वॉर्डात एक मुलगा आला होता, मिहानला कामाला होता, काच पुसायला डावा हात काढला आणि दुभाजकाला लागला. वाचला तो, कॉलरबोन तुटलं. शुद्धीवर आला तर पहिलं वाक्य, "ताई काही दिसतच नव्हतं." म्हणून मी चालत्या गाडीवर काचेला हात लावत नाही. सिग्नलला थांबलं की काच एक खटका वर, तिथं वारा नसतो म्हणून वाफ जास्त धरते, निघालं की खाली. हनुवटीपाशी एक झडप असते बघा, माझ्या हेल्मेटची वर्षभर बंदच होती, मला माहीतच नव्हतं ती सरकते.

वर्धारोडी
ताई 🙏 वाचून हात गार पडले.

चष्मिस
मी आत्ता उठून पाहिलं, माझ्या पण हेल्मेटला आहे ती झडप. चार वर्षं झाली घेऊन. चार.

गोधडी_सोडणार_नाही
मे महिन्यात ४५ च्या उन्हात हा धागा कोणीतरी वर काढा प्लीज, थंड वाटेल

काटोलकर
पाण्याचं कोणी सांगितलं नाही.

खडू_डस्टर
काटोलकर, बागेचा ताण (पाणी तोडून ठेवायचे दिवस) पुरा झाला की द्या, पानं पाहा, आमच्या भावाकडे पंधरा जानेवारीच्या आसपास ठरवतात. जमीन कशी आहे त्यावर आहे. व्यक्तिगत निरोप करतो.

वर्धारोडी
अपडेट. काल रात्री शाम्पू लावला सरांच्या पद्धतीनं, सुती बनियन फाडून पुसलं, हेल्मेट दिवाणखान्यात ठेवलं, झडप उघडी केली. पोराले बसवून २०१८ चं पण सांगितलं, बायको स्वयंपाकघरातून ऐकून राहिली होती, आता माझ्याशी बोलून नाही राहिली. आज सकाळी सहाले गॅलरीत गेलो पाहाले. साहेब गेटपाशी उभे, बोटानं काच पुसून राहिले. खाली ओरडलो, काय झालं रे? म्हणे पप्पा आतून काहीतरी चिकट लागत होतं, मी नळाखाली धुऊन टाकलं.