नरारा आणि ओखा : जळगावहून कसे जावे?

प्रश्न (जळगाव): कच्छच्या आखातातील सागरी राष्ट्रीय उद्यान आई-वडिलांना दाखवायचे आहे. त्यासाठी कोणता दिवस निवडावा?

उत्तर (अमळनेर): आधी ओहोटीची वेळ पाहावी, कारण या उद्यानातल्या नराऱ्याला पाणी ओसरल्यावरच प्रवाळांपर्यंत पायी जाता येते. वन खात्याची परवानगी काढून वाटाड्या सोबत घ्यावा. आम्हांला घोटाभर पाण्यात दगडाआड दडलेला ऑक्टोपस दिसला आणि तापीकाठी वाढलेली माझी आई तिथून हलायलाच तयार होईना! चपला मात्र नकोत, त्या चिखलात रुततात.

उत्तर (नंदुरबार): सुरतेला गाडी बदलून जामनगर गाठावे. पुढे ओखा बंदरही अवश्य पाहावे; २०२४ मध्ये सुदर्शन सेतू खुला झाल्यापासून बेट द्वारकेला होडीविना जाता येते, तरी होडीतून दिसलेले बंदर मला अधिक भावले होते.

प्रश्नकर्ता: वडिलांचे गुडघे दुखतात, त्यांना चालवेल का?

उत्तर (अमळनेर): खडक निसरडे आहेत, त्यांना काठावरच बसवावे.