बी.ए. नंतर स्त्री अभ्यासात एम.ए. करू का? घरचे म्हणतात, 'त्यात काय शिकायचं असतं?'

सरकी:
नमस्कार. मी माजलगाव तालुक्यातली. यंदा मराठी विषय घेऊन बी.ए. झाले, ६८ टक्के पडले. वडिलांचं म्हणणं बी.एड. कर, नाहीतर पुण्याला जाऊन एमपीएससीचा अभ्यास कर. मला स्त्री अभ्यासात एम.ए. करायचंय.

हे डोक्यात कुठून आलं ते सांगते. तिसऱ्या वर्षाला कॉलेजच्या ग्रंथालयात ताराबाई शिंदेंचं 'स्त्रीपुरुष तुलना' हाती लागलं. बुलढाण्याच्या बाईनं १८८२ साली हे छापलं, आणि मी दोन दिवस दुसरं काही वाचू शकले नाही. दुसरं कारण घराजवळचं. आमच्या गावातली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. तिशी-पस्तिशीच्या कितीतरी बायांची पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढलेली आहे. माझ्या चुलत वहिनीचीही. याबद्दल कुणी नीट बोलत नाही. मला ते समजून घ्यायचंय.

अडचणी तीन आहेत. इंग्रजी कच्चं आहे. पुढे नोकरी काय, हे सांगता येत नाही. आणि मामा म्हणाले की असलं शिकलेल्या मुलीला स्थळ मिळत नाही, लोक भांडकुदळ समजतात. कुणी हा विषय शिकलं असेल तर खरं खरं सांगा.

काळी_माती:
सरकी, तुला अगं-तुगं करते, चालेल ना? मी बार्शी तालुक्यातली, तुझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठी. पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शिकले. आता सोलापूर जिल्ह्यात बचत गटांचं काम करते.

इंग्रजीचं आधी सांगते, कारण मला त्यानंच रडवलं. पहिल्याच आठवड्यात चाळीस पानांचा लेख हातात आला आणि एका पानाला मला दीड तास लागला. खोलीतली मुलगी मुंबईची, ती तेवढ्या वेळात अख्खा लेख वाचून जेवून यायची. मग मी वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे लेखातला शब्द, उजवीकडे तो मी आईला कसा सांगेन ते. 'पितृसत्ता' डावीकडे लिहिलं आणि उजवीकडे लिहिलं, 'बाप घरात नसला तरी बापाचंच चालतं.' अशा तीन वह्या भरल्या, अजून जपून ठेवल्यात. दुसऱ्या सत्रापर्यंत वाचनाचा वेग वाढला. परीक्षेत उत्तरं मी मराठीतच लिहिली. वर्गातही मराठीत बोलायचे, आणि ऊस, दावण, जावा-जावा हे सगळं मराठीत बोलल्यावर मुंबईची मुलगी माझ्या वहीतून उतरवून घ्यायला लागली.

आमच्या केंद्रात शिकवणाऱ्या शर्मिला रेगे जुलै २०१३ मध्ये वारल्या, तेव्हा मी नुकतीच दाखल झाले होते. त्यांचा तास मला मिळाला नाही याचं आजही वाईट वाटतं. पण त्यांनी घालून दिलेली एक गोष्ट आम्हाला मिळाली. दलित बायांची आत्मकथनं केवळ दुःखाच्या कहाण्या म्हणून वाचायची नाहीत, त्या बाया समाजाबद्दल सिद्धांत मांडताहेत असं धरून वाचायचं. 'जिणं आमुचं' लिहिणाऱ्या बेबी कांबळे मी बी.ए.ला परीक्षेपुरत्या वाचल्या होत्या. तिथं पुन्हा वाचल्या तेव्हा कळलं की मी मराठा घरातली मुलगी, माझ्या आजीच्या वाड्याबाहेर कोण उभं राहायचं हे मी कधी विचारलंच नव्हतं. हा विषय फक्त पुरुषांकडे बोट दाखवायला शिकवतो असं समजून जाऊ नकोस. तुझ्या स्वतःच्या घराकडेही बघावं लागतं, आणि ते जड जातं.

आता मुद्द्याचं. एका सुट्टीत मी आईच्या दिवसाची नोंद करायची ठरवली. पहाटे साडेचारपासून रात्री निजेपर्यंत, दर पंधरा मिनिटांनी ती काय करते ते लिहायचं. चार म्हशींचं शेण, धारा, डेअरीला दूध, स्वयंपाक, तुरीत खुरपण, पुन्हा धारा. दुपारी ती निवडायला धान्य घेऊन बसली, मी 'विश्रांती' लिहिलं आणि मग खोडलं. एकूण पावणेसोळा तास भरले. त्याच आठवड्यात कुणीतरी माहिती घ्यायला घरी आलं होतं आणि वडील सहज म्हणाले, 'ती काय करत नाही, घरीच असते.' वडील वाईट नाहीत गं. त्यांना ते दिसतच नव्हतं. सातबाऱ्यावर आईचं नाव नाही, डेअरीचं खातं वडिलांचं, मग दिसणार कुठून? पुढं २०१९ मध्ये सरकारनं देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो आणि पुरुषाचा ९७. मी आईला फोनवर सांगितलं. ती एवढंच म्हणाली, 'माझं पण मोजलं का त्यात?'

तुझ्या वहिनीचंही असंच. २०१९ मध्ये सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची पाहणी केली, पिशवी काढलेल्या तेरा हजारांहून जास्त निघाल्या. बाहेरचा माणूस विचारतो, 'या बाया अडाणी आहेत का, डॉक्टरनं सांगितलं की लगेच काढतात?' आम्हाला शिकवलं ते हे, की आधी प्रश्न तपास. उचल, म्हणजे मुकादम हंगामाआधी देतो ती आगाऊ रक्कम, कुणाच्या हातात पडते? मजुरी एकेका माणसाला की कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला? एक दिवस खाडा झाला तर कापून किती घेतात? फडावर संडास आहे का, पाणी आहे का? पाळीच्या चार दिवसांत काम बुडालं की उचल फिटत नाही, हे कळल्यावर डॉक्टरच्या दारात ती बाई का उभी आहे ते कळतं. डॉक्टरची जबाबदारी त्यानं कमी होत नाही, पण मुकादम आणि कारखाना पण दिसायला लागतात. तू कोयता, उचल, खाडा हे शब्द जन्मापासून ऐकलेत. पुण्या-मुंबईची मुलं ते पुस्तकातून शिकतात. म्हणून म्हणते, तू जा.

नोकरीचं स्पष्ट सांगते. या पदवीवर थेट चालून येणारी नोकरी नाही. 'विमेन स्टडीज' हा नेटचा, म्हणजे प्राध्यापक व्हायच्या पात्रता परीक्षेचा, विषय आहे, पण प्राध्यापकांच्या जागा अगदी थोड्या. माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ), उमेद (बचत गटांचं सरकारी अभियान), अत्याचार झालेल्या बायांना मदत करणारी सखी केंद्रं, संस्थांचे प्रकल्प, इथं काम मिळतं, बहुतेक कंत्राटी. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेला २०१३ च्या कायद्यानं लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती नेमावी लागते, तिच्यात बाहेरची एक सदस्य लागते. पण ते पोटापाण्याचं काम नाही. मी एका संस्थेत पहिली दोन वर्षं काढली, तिथं पगार पाच-पाच महिने थकायचा. भाड्यासाठी भावाकडे हात पसरावा लागला, तो राग अजून गेला नाही. म्हणून एम.ए. सुरू असतानाच टायपिंग, हिशेब, प्रकल्पाचा अहवाल लिहिणं, हे शिकून घे. मला आज त्याचाच पगार मिळतो.

वैनगंगा_काठ:
मी वडशाचा, म्हणजे देसाईगंज, जिल्हा गडचिरोली. समाजशास्त्रात एम.ए. केलं, त्यात एक पेपर स्त्री अभ्यासाचा होता. त्या तासाला मॅडमनी फळ्यावर 'मथुरा प्रकरण' लिहिलं. १९७२ साली पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये पोलिसांना सोडलं, १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या प्रकरणात बाईनं 'माझी संमती नव्हती' म्हटलं तर न्यायालयानं तसंच धरून चालायचं, ही तरतूद तेव्हाची.

मॅडम म्हणाल्या, हे देसाईगंजला घडलं. मी तेवीस वर्षांचा होतो. जन्म तिथला, शाळा तिथली, आणि गावात हे एकदाही कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. सुट्टीत घरी गेल्यावर बाबांना विचारलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, 'माहीत होतं सगळ्यांना.'

आता ज्युनिअर कॉलेजला शिकवतो. दरवर्षी मुलांना हे सांगतो, मुलींना आणि मुलग्यांना एकत्र बसवून. ताई, तुम्ही नक्की शिका. आमच्या वर्गात आम्ही दोघंच मुलगे होतो, तेव्हा भाऊ असेल तर त्यालाही सांगा.

लेकीचा_बाप:
माझी लेक हेच शिकली, म्हणून तुझ्या वडिलांच्या बाजूनं दोन शब्द. बापाला विषयाची भीती नसते, पोरगी उपाशी राहील याची असते. त्यांच्यासमोर कागद ठेव. फी किती, वसतिगृह किती, शिष्यवृत्ती कोणती, दोन वर्षांनी काय करणार. मी तरी कागद बघून हो म्हणालो. बी.एड. पुढेही करता येतं, हेही सांग. पुण्याशिवाय मुंबईत टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) आहे, एसएनडीटी महिला विद्यापीठ आहे. एसएनडीटीचं स्त्री अभ्यास केंद्र तर १९७४ पासूनचं, देशातलं पहिलं. सगळीकडची यंदाची माहितीपत्रकं मागव, फीमध्ये फार फरक असतो. स्थळाचं म्हणशील, तर माझ्या लेकीनं तीन नाकारली. चौथ्या मुलानं तिला विचारलं, 'तुझा अभ्यास कशावर होता?' तिथं जमलं.

सरकी:
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं वाचून मी आज आईच्या मागं वही घेऊन फिरले. दुपारपर्यंतच दोन पानं भरली. आई म्हणाली, 'काय लिहितीस गं, भुईमूग फोडू लाग.' मग लिहिणं थांबवून फोडू लागले, तर ती आपणहून बोलायला लागली. तिच्या पहिल्या हंगामाचं, मी पोटात असतानाचं. हे मला कधीच सांगितलं नव्हतं तिनं.

काका, कागद उद्या करते. ताई, एक विचारू? वहिनीला हे सगळं विचारायचं असेल तर सुरुवात कशी करावी? दादा घरात असला की ती बोलत नाही.

काळी_माती:
विचारायला म्हणून जाऊ नकोस. ती धुणं घेऊन निघाली की तूही आपलं धुणं घे. पिशवीचं पहिल्या दिवशी काढूच नको. पहिला फड कुठला होता, राहायची कोपी (झोपडी) कुठं घातली होती, तिथून सुरू कर. ती जे सांगेल ते तिला विचारल्याशिवाय कुठं लिहू नको, इथंही नाही. मला व्यक्तिगत निरोप टाक, वहीतली काही पानं फोटो काढून पाठवते.