अनुभव धागा : नाटक, गाणे, तालमी आणि आपले कोल्हापूर

मंगळवारपेठेची_लेक

गेल्या आठवड्यात खासबागेकडून येताना केशवराव भोसले नाट्यगृहासमोर रिक्षा थांबली. पत्र्याच्या कुंपणाआडून लाकडाच्या ताज्या भुशाचा वास आला आणि माझे मन एकदम १९९० सालात जाऊन पोहोचले.

माझे वडील दिवसा गुळाच्या पेढीवर हिशेब लिहीत आणि रात्री एका हौशी नाटक मंडळीचे नेपथ्य करीत. मंडळीकडे ना जागा होती ना पैसा. पेठेतल्या कुस्तीच्या तालमीच्या वस्तादांनी वरच्या मजल्यावरचा हॉल रात्री नऊनंतर फुकट दिला होता. त्यांची अट एवढीच होती, की पहाटे पोरे जोर मारायला येण्याआधी जमीन झाडून ठेवलेली असावी. फळ्या जवळच्या वखारीतून उसन्या येत, प्रयोग झाला की खिळे उपटून परत जात. ते उपटलेले खिळे दगडावर ठेवून हातोडीने सरळ करण्याचे काम माझे आणि माझ्या भावाचे असे, कारण तेच खिळे पुढच्या नाटकाला लागत. घोंगडे शेजारच्या काकूंचे, कंदील दूधवाल्याचा आणि सिंहासन एका लग्नकार्यालयातले, असे जमवून उभे राहिलेले राजवाडे मी लहानपणी पाहिले आहेत.

शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात पॅलेस थिएटर बांधून घेतले, १९५७ मध्ये त्याला गायक-नट केशवराव भोसले यांचे नाव मिळाले, हे आपण सगळे शाळेपासून ऐकत आलो. पण त्या रंगमंचावर जे उभे राहायचे, ते तालीम, वखार, पेढी आणि शेजारपाजार यांच्या हातांनी उभे राहायचे, याबद्दल फारसे लिहिले जात नाही. कलेने आणि एकमेकांच्या साथीने आपल्या शहराला जे वळण लावले, त्याचे तुमच्या वाट्याला आलेले अनुभव इथे लिहावेत, अशी विनंती आहे. मोठ्या कलाकारांविषयी लिहायला अनेक जण आहेत. आपण आपल्याला दिसलेले लिहू.

रंगपेटी

नाट्यगृहाला आग लागली, त्या ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री मी तिथे होतो. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती, त्यामुळे काही मित्रांशी त्याचेच बोलणे चालले होते. तेवढ्यात आगीचा फोन आला आणि पायात जे सापडले ते घालून मी धावलो.

छताच्या वर गेलेल्या ज्वाळा मी विसरू शकत नाही. त्याहून जास्त लक्षात राहिली ती रस्त्यावरची माणसे. शेकडो लोक होते आणि मोठ्याने बोलणारा कुणीही नव्हता. माझ्या शेजारी पडदा ओढण्याचे काम करणारे एक म्हातारे गृहस्थ उभे होते. ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "डावीकडची दोरी घट्ट होती, मी कालच बघितली होती." त्यांना मी कसे समजवावे ते मला कळले नाही, म्हणून त्यांचा हात धरून उभा राहिलो.

सकाळी दगडी भिंती उभ्या होत्या आणि त्यांच्या आत आभाळ दिसत होते. ज्या सभागृहात मध्ये एकही खांब नसल्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही नटाचा चेहरा सरळ दिसत असे, तिथे छपराचे पत्रे आणि कोळसा यांचा ढीग होता. रंगकर्मी समोर जमले. कुणी हार आणला, कुणी रडले, कुणी नुसतेच बसून राहिले.

मला सांगायचे आहे ते त्यानंतरचे. आमच्या नाटकाच्या तालमी सुरू होत्या आणि प्रयोग तोंडावर आला होता. त्या आठवड्यात आम्हांला चार ठिकाणांहून निरोप आले. एका डॉक्टरांनी दवाखान्यावरची गच्ची दिली, एका शाळेने संध्याकाळचा वर्ग दिला, एका देवळाच्या विश्वस्तांनी सभामंडप देऊ केला आणि चौथा निरोप एका तालमीचा होता. ताईंनी लिहिलेली अट आम्हांलाही घातली गेली, जमीन झाडून ठेवण्याची.

वखारकर

ताई, तुम्ही कोणत्या तालमीजवळच्या वखारीविषयी लिहीत आहात? विचारण्याचे कारण असे, की आमचीही वखार मंगळवार पेठेत होती. माझ्या वडिलांच्या खतावणीत "नाटक खाते" असे एक वेगळे पान असे. त्यात किती फळ्या गेल्या आणि किती आल्या एवढेच लिहिलेले असे. रकमेचा रकाना ते कोराच ठेवीत. एकदा मी विचारले, तेव्हा ते म्हणाले की या खात्याचे व्याज आपण खुर्चीत बसून वसूल करतो.

शिवाजीपेठकरीण

मी गणेशोत्सवातल्या सजीव देखाव्यांविषयी लिहिते, कारण माझे आयुष्य त्या देखाव्यांनी बदलले.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. आमच्याकडे मंडळापुढे मांडव घालून त्यात पेठेतलीच माणसे भूमिका करतात. संवाद आधी रेकॉर्ड केलेले असतात आणि त्यांवर अभिनय करायचा असतो. एक खेळ दहा-पंधरा मिनिटांचा असतो. तो संपला की समोरची गर्दी पुढे सरकते, नवी गर्दी येते आणि तोच खेळ पुन्हा सुरू होतो. एका रात्रीत मी अठरा वेळा तीच आई झाले आहे आणि अठराही वेळा मला खरेच रडू आले आहे.

मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा सोळा वर्षांची होते. घरातून सक्त विरोध होता. मंडळाचे अध्यक्ष आमच्या घरी आले आणि माझ्या आजीपुढे मांडी घालून बसले. "आजी, पोरगी आमच्या मांडवात उभी राहणार म्हणजे तुमच्याच अंगणात उभी राहणार. रात्री तिला घरी सोडायला माझी बायको येईल," असे ते म्हणाले आणि दहाही रात्री त्यांनी तो शब्द पाळला. आजी तिसऱ्या रात्री लपून बघायला आली होती. चौथ्या रात्री ती पुढच्या रांगेत खुर्ची टाकून बसली.

त्या वर्षी मांडवात आम्ही दोघीच मुली होतो. पाच वर्षांनी अकरा जणी होत्या आणि संहिता ठरवायच्या बैठकीला बायकांना बोलावल्याशिवाय बैठक सुरू होत नसे. मुलीला शिक्षण अर्ध्यावर सोडायला लावण्याविषयीचा देखावा आम्ही केला, तेव्हा आमच्याच गल्लीतल्या एका वडिलांनी दुसऱ्या दिवशी मुलीला पुन्हा कॉलेजात पाठवले. मी तिचे नाव लिहीत नाही, पण ती आज स्वतः शिकवते.

चित्रकथी

वरचे वाचून डोळ्यांत पाणी आले. आजींना माझा नमस्कार.

माझा अनुभव टाऊन हॉलच्या बागेतला आहे. रंगबहार संस्थेतर्फे तिथे "मैफल रंगसुरांची" होते, हे तुम्हांला ठाऊक असेलच. एका बाजूला गाणे चालते आणि झाडांखाली चित्रकार, शिल्पकार आपापले काम करीत बसतात. तिकीट नसते, दार नसते. मी निसर्गचित्र करीत बसलो होतो आणि माझ्या मागे भाजीची पिशवी घेतलेले एक गृहस्थ तासभर उभे होते. शेवटी त्यांनी विचारले, "त्या झाडाची सावली निळी का काढली?" मी म्हटले, नीट बघा. त्यांनी बराच वेळ बघितले आणि म्हणाले, "खरंच की, निळी आहे." पंचवीस वर्षे चित्रे काढतो आहे, पण एवढी मोठी दाद मला प्रदर्शनाच्या बंद दालनात कधी मिळाली नाही.

चित्रकार आबालाल रहिमान यांनी रंकाळा आणि कोटितीर्थ ही तळी रंगवून या गावाला स्वतःच्या पाण्याकडे बघायला शिकवले. आजही रविवारी सकाळी रंकाळ्यावर पॅड घेऊन बसलेली मुले दिसतात, फिरायला आलेली माणसे त्यांच्यामागे थांबतात आणि मग तळ्याच्या कडेला पडलेला कचरा त्यांनाही खुपायला लागतो. चित्रामुळे तळे स्वच्छ होते असे मी म्हणणार नाही, पण ज्याने तळे निरखून पाहिले आहे तो त्यात निर्माल्याची पिशवी टाकताना अडखळतो, हे मी स्वतः पाहिले आहे.

दुबईचा_करवीरकर

आगीची दृश्ये मी इथे फोनवर बघितली आणि रात्रभर झोपलो नाही. तरीही एक गोष्ट मनापासून मांडतो, ती कुणी चुकीच्या अर्थाने घेऊ नये.

मी गाव सोडले त्याला एक कारण होते. आमच्या लहानशा गटाला एका सभागृहाचे भाडे परवडले नाही. आम्ही हप्त्याने भरतो म्हटले, तरी तारीख एका मोठ्या समारंभाला दिली गेली. आमचे नाटक बसलेले होते, ते कधीच उभे राहिले नाही आणि गट फुटला. शाहू महाराजांच्या काळी राजाश्रय होता, पुढे तालमींचा आणि पेढ्यांचा लोकाश्रय होता. आता भाड्याची पावती आहे. आगीनंतरची नवी वास्तू कितीही देखणी झाली, तरी नवख्या पोरांना वर्षातल्या काही तारखा नाममात्र दरात राखून ठेवल्या नाहीत, तर त्या रंगमंचावर फक्त बाहेरून आलेली नाटके होतील. हे मी रागाने लिहीत नाही, काळजीने लिहितो आहे.

रंगपेटी

दादा, तुमचे म्हणणे अगदी योग्य आहे आणि ते लेखी मागणी म्हणून दिले पाहिजे. मसुदा मी करतो, तुम्ही तिथून सही पाठवा. तुमचे ते न झालेले नाटक कोणते होते? संहिता अजून असेल, तर जपून ठेवा.

उद्यमनगरचा_लेथवाला

कलेचा आणि आमच्या कारखान्यांचा संबंध नाही असे पुष्कळांना वाटते, म्हणून लिहितो. चित्रकार बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती तेव्हा कॅमेरा इथेच तयार केला, त्यात विष्णुपंत दामले त्यांच्याबरोबर होते आणि त्याच कॅमेऱ्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनीचे काम सुरू झाले. "सैरंध्री" हा त्यांचा मूकपट १९२० मध्ये पडद्यावर आला. पुढे १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनीही कोल्हापुरातच स्थापन झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. म्हणजे ब्रश धरणाऱ्या हातांनीच या गावात कानसही धरली.

माझा स्वतःचा अनुभव त्या मानाने छोटा आहे. एका नाटकाला फिरता रंगमंच हवा होता. मुले ट्रकच्या चाकाचे जुने बेअरिंग घेऊन आली आणि म्हणाली, "काका, यावर दहा माणसे उभी राहिली पाहिजेत आणि आवाज येता कामा नये." आवाज येऊ नये म्हणून आम्ही तीन रात्री घालवल्या. लेथवर कडे पुन्हा घासले, ग्रीस बदलले, शेवटी खाली रबराचे तुकडे बसवले. प्रयोगाला माझे सहाही कामगार बायकापोरांसह आले होते. रंगमंच फिरला, प्रेक्षकांनी टाळ्या दिल्या आणि माझा फिटर अंधारात मला म्हणाला, "मालक, वाजला नाही." त्याने त्याआधी नाट्यगृहात कधी पाऊल टाकले नव्हते. आता तो दर वर्षी राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकांना जातो आणि दुसऱ्या दिवशी डबा खाताना सगळ्यांना गोष्ट सांगतो.

पाटीपेन्सिल

मी महापालिकेच्या शाळेत शिकवते. चिल्लर पार्टी या विद्यार्थी चित्रपट चळवळीमुळे आमची मुले शाहू स्मारक भवनात जाऊन जगभरातले बालचित्रपट बघतात. पहिल्यांदा नेले तेव्हा एका मुलाने मऊ खुर्चीवर बसण्यापूर्वी पायांतल्या चपला काढून हातात घेतल्या होत्या. दिवे गेल्यावर तो घाबरून माझ्याजवळ सरकला. तो इराणी चित्रपट होता, खालचे शब्द त्याला वाचता येत नव्हते, म्हणून मी हळू आवाजात सांगत होते. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "बाई, सांगू नका, कळतंय मला." चौथ्या-पाचव्या वेळी तो नव्या मुलांना रांगेत बसवत होता. सभागृह आपलेही आहे हे त्याला कुणी भाषण करून सांगितले नव्हते.

शाळा सुटली आहे, मुले दारात उभी आहेत. बाकीचे नंतर लिहिते.

तबल्याची_गादी

देवल क्लबविषयी अजून कुणी कसे लिहिले नाही? १८८३ पासूनची गाण्याची संस्था आहे. अल्लादिया खाँसाहेबांसारखा गवई या गावात राहिला, त्यामुळे इथल्या साध्या माणसाचाही कान तयार झाला. माझे गुरुजी सांगत, की आमच्या गल्लीतला शिंपी शिवण मारता मारता गाणाऱ्याची सम चुकली की मान वर करून बघायचा. मी शिकत असताना बैठकीच्या सतरंज्या घालणे आणि गुंडाळणे हे काम शिष्यांबरोबर श्रोतेही करीत. एका निवृत्त न्यायाधीशांबरोबर मी सतरंजीची दोन टोके धरून झटकली आहेत.

मंगळवारपेठेची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. शिवाजीपेठकरीण ताई, तुमच्या आजीची खुर्ची मी विसरणार नाही. रंगपेटी दादा, मागणीच्या मसुद्यावर माझीही सही घ्या.

वखारकर, तालीम कोणती ते तुम्हांला वेगळे कळवले आहे. तुमच्याजवळ ती खतावणी अजून असेल, तर १९९० च्या दिवाळीनंतरचे पान बघता का? माझ्या आठवणीप्रमाणे त्या नाटकाला चौदा फळ्या आणल्या होत्या. वडील आता नाहीत, म्हणून विचारावेसे वाटले.

वखारकर

ताई, पान सापडले. माळ्यावर जुन्या वह्यांचे गाठोडे होते, त्यात. तुमच्या वडिलांच्या नावावर चौदा फळ्या आणि दोन वासे गेल्याची नोंद आहे. परत आलेल्या फळ्या तेरा आहेत. चौदाव्या फळीसमोर माझ्या वडिलांच्या अक्षरात "नाटकात राहिली" असे लिहिले आहे आणि त्याखाली खाते पुरे झाल्याची रेघ ओढली आहे.