इंग्रजी सुधारायला जुन्या डिटेक्टिव्ह गोष्टी: सुरुवात कुठून करू? (बजेट ६००)

कंदीपेढा | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. मराठी माध्यम, बी.कॉम., ठाण्यात एका कंपनीत अकरा वर्षं अकाउंट्सला आहे. आजवर "प्लीज फाइंड अटॅच्ड"वर गाडी रेटत आले. गेल्या महिन्यात नवे मॅनेजर आले, चेन्नईचे. आता सगळ्या मीटिंगा इंग्रजीत. समजतं सगळं, पण तोंड उघडलं की डिड, हॅड, हॅज यांची भेळ होते. परवा "पेमेंट आधीच झालं होतं, मग चेक परत आला" एवढं सांगायचं होतं. ऐकणाऱ्यांना वाटलं, दोन वेळा पेमेंट झालं.

व्याकरणाचं पुस्तक उघडलं की झोप येते. लहानपणी बाबांकडच्या अर्नाळकरांच्या झुंजार-काळापहाडचा फडशा पाडला होता, म्हणून म्हटलं इंग्रजी रहस्यकथा वाचून बघू. होम्स घेऊ की अगाथा ख्रिस्ती? मूळ की सोपी केलेली? बदलापूर-ठाणे लोकलमध्ये पाऊण तास मिळतो, बसायला मिळालं तर. किंडल नको, क्लास नको. ६०० रुपये, तेही ताणून.

वीटभर_पुस्तकं | रात्री १०:२०

किंडल घ्या. डोळे झाकून. शब्दावर बोट ठेवलं की अर्थ समोर, आणि पाहिलेले सगळे शब्द एका यादीत जमा होतात. मी चार वर्षं वापरतोय, चार्जिंग आठवडेच्या आठवडे टिकतं.

टिंबटिंब | रात्री १०:२१

किंडल नको असं लिहिलंय.

वीटभर_पुस्तकं | रात्री १०:२४

लिहिलंय ते वाचलं. गुंतवणूक समजा. ६०० रुपयांत आजकाल पिझ्झा येतो.

चहाबाज | रात्री १०:४१

भाऊ, क्लासचं मी सांगतो. अठरा हजार भरले होते, नाव घेत नाही. तीन महिन्यांत "मायसेल्फ अमुक"वरून "आय अ‍ॅम अमुक"वर आलो. म्हणजे शब्दाला सहा हजार पडले. सर आठवड्यातून दोनदाच यायचे, बाकीचे दिवस आम्ही एकमेकांच्या चुका पाठ करायचो. क्लास लावू नका.

टिंबटिंब | रात्री १०:४२

"रेटत आले" लिहिलंय. भाऊ नाही, ताई आहेत. आणि क्लास नको हेही लिहिलंय.

खडूफळा | मंगळवार, सकाळी ६:०५

ताई, चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, तेव्हा थोडं ऐकून घ्या. आधी तर्खडकर, मग रेन अँड मार्टिन, मग गोष्टी. पायाच नसेल तर माडी कशावर चढवणार?

तरी तुमची निवड चुकलेली नाही, हे कबूल करतो. ज्या 'हॅड'ने तुमचा घात केला, त्याचं सगळ्यात मोठं शेत म्हणजे रहस्यकथा. गोष्ट सुरू होते तेव्हा गुन्हा होऊन गेलेला असतो. अशील येऊन आधीचं सांगतं आणि त्याच्याही आधीचं सांगतं. "मी दार उघडलं तेव्हा तो निघून गेला होता." उघडलं ते साधं, निघून गेला होता ते 'हॅड गॉन'. मराठीतल्या 'होता'कडे नीट पाहा, 'हॅड' आपोआप कळेल. तुमचं चेकचं वाक्य याच साच्यातलं: पेमेंटला 'हॅड बीन मेड', चेकला 'बाउन्स्ड'. दोन्हीकडे 'हॅड' लावाल तर पुन्हा गोंधळ.

स्लो_लोकल | सकाळी ८:३३

+१ मास्तर. तर्खडकर मात्र लोकलमध्ये उघडून दाखवा. शेजारची बाई विचारेल, "कितवीला आहे मुलगा?"

सातासमुद्रापल्याड | सकाळी ९:१०

मी न्यू जर्सीत एकवीस वर्षं आहे, त्यामुळे अनुभवाने सांगते. मूळच वाचा. सोपं केलेलं म्हणजे साबुदाण्याची खिचडी दाण्याच्या कुटाशिवाय. आम्ही लंडनला गेलो तेव्हा २२१ बी, बेकर स्ट्रीटच्या म्युझियमबाहेर दीड तास रांगेत होतो. तिथून टीपांसकट जाडजूड हार्डबाउंड संच आणला. कागद काय, बांधणी काय! तुम्हीही तसाच घ्या, आयुष्यभर टिकतो.

स्लो_लोकल | सकाळी ९:१५

तो संच घेऊन बदलापूरला चढून दाखवा. डबा सोडून संचाला जागा द्यावी लागेल.

एबीसी_चौक | सकाळी ११:०२

होम्स विकत घेऊच नका. त्याचे लेखक कॉनन डॉयल १९३० साली वारले, आपल्याकडचे हक्क कधीच संपलेत. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या वेबसाइटवर फुकट, कायदेशीर, फोनवर वाचा. लिब्रिव्हॉक्सवर लोकांनी वाचून रेकॉर्ड केलेलंही फुकट आहे. फक्त वाचणारे हौशी असतात, कोणी चांगला, कोणी म्हणजे अंत्ययात्रेची घोषणा.

ख्रिस्तीबाईंचं तसं नाही. त्या १९७६ला गेल्या, आपल्याकडे लेखकानंतर साठ वर्षं हक्क राहतात, म्हणजे २०३६ अखेरपर्यंत. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी पीडीएफ चोरीची.

आणि फुटपाथवरचं स्वस्त पुस्तक घ्याल तर आधी शेवटची पानं मोजा. मी घेतलेल्यात शेवटची सोळा पानं नव्हती, त्याऐवजी त्याच पुस्तकाची मधली सोळा पानं पुन्हा. खून कोणी केला ते तीन वर्षांनी मित्राच्या लग्नात कळलं.

आगाऊ_कार्टं | दुपारी १२:५०

ताई, होम्सची 'स्पेकल्ड बँड' घ्या. बारा कथांच्या पहिल्या संग्रहात आहे. 'बँड' शब्दावरच सगळा खेळ. मरताना बहीण ओरडते, 'द स्पेकल्ड बँड!' आता बँड म्हणजे पट्टा आणि बँड म्हणजे टोळीही. घराच्या आवारात जिप्सी लोकांचा तळ, त्यांच्या डोक्याला ठिपक्यांचे रुमाल, त्यामुळे वाटतं टोळीच. शेवटी निघतो साप! एका शब्दाचे दोन अर्थ असे डोक्यात बसतात की विसरणार नाही.

टिंबटिंब | दुपारी १२:५१

अरे.

स्लो_लोकल | दुपारी १२:५२

अरे कार्ट्या!!

कंदीपेढा | दुपारी १:३०

मी आज सकाळी हीच सुरू केली होती. अंबरनाथला पहिलं पान, कळव्याला बहिणीच्या खोलीपर्यंत. संध्याकाळी पुढचं वाचणार होते.

आगाऊ_कार्टं | दुपारी १:३४

सॉरी ताई. पण १८९२ची गोष्ट आहे हो, सव्वाशे वर्षांत कोणी ना कोणी सांगणारच.

चहाबाज | दुपारी १:५०

ताई, एक सावधगिरी. होम्सचं इंग्रजी ऑफिसात आणू नका. त्याच गोष्टीत होम्स बाईंना म्हणतो, "प्रे बी प्रिसाइज अ‍ॅज टू डीटेल्स." 'प्रे' म्हणजे तिथे 'कृपया', जुन्या वळणाचं. मला फार आवडलं. एका व्हेंडरला मेल टाकला, "प्रे सेंड द इन्व्हॉइस." त्याने रिप्लाय केला, "सर, वी आर आल्सो प्रेइंग फॉर युअर पेमेंट." आमच्या साहेबांनी तो मेल सगळ्या डिपार्टमेंटला फॉरवर्ड केला.

वीटभर_पुस्तकं | दुपारी २:०५

अजून काही शब्द सांगतो. 'सिंग्युलर' म्हणजे तिथे एकवचन नव्हे, विचित्र. 'इजॅक्युलेटेड' म्हणजे उद्गारला. हा शब्द मीटिंगमध्ये काढू नका, प्लीज. 'हॅन्सम' म्हणजे देखणा नव्हे, दोन चाकांची घोडागाडी, गाडीवान मागे उंचावर बसतो. किंडलवर हे एका बोटात कळतं.

खडूफळा | दुपारी ३:२०

'डॉग-कार्ट'लाही कुत्रे जुंपत नाहीत, घोडाच असतो. बैठकीखाली शिकारी कुत्र्यांसाठी खोका असे, म्हणून ते नाव. आता सांगायला हरकत नाही, कारण कार्ट्याने मोठं गुपित आधीच फोडलंय: होम्स त्या बाईंच्या डाव्या बाहीवर उडालेला चिखल पाहून ओळखतो की त्या डॉग-कार्टमध्ये गाडीवानाच्या डाव्या हाताला बसून आल्या. हा परिच्छेद कोणत्या गाडीत चिखल कसा उडतो ते डोळ्यांसमोर आणून वाचा. मग शब्दकोश लागत नाही.

सातासमुद्रापल्याड | सायंकाळी ५:४०

"एलिमेंटरी, माय डिअर वॉटसन" मी इथे कायम वापरते, सगळे हसतात.

एबीसी_चौक | सायंकाळी ५:४८

डॉयलच्या चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथांत हे वाक्य या रूपात कुठेच नाही. हसतात ते कशाला, विचारून घ्या.

सातासमुद्रापल्याड | सायंकाळी ५:५५

इथे सगळे म्हणतात.

दुपारची_झोप | सायंकाळी ६:३०

होम्स-होम्स काय लावलंय? ख्रिस्तीच घ्या. वाक्यं छोटी, निम्मं पुस्तक संवाद, मीटिंगमध्ये लागतं तेच. पण त्यांच्या डिटेक्टिव्हचं, पॉयरोचं बोलणं उचलू नका, तो फ्रेंच असल्याने इंग्रजी मुद्दाम वाकडं बोलतो.

टिंबटिंब | सायंकाळी ६:३१

बेल्जियन.

दुपारची_झोप | सायंकाळी ६:३६

भाषा फ्रेंचच ना? तेच म्हणतेय.

एबीसी_चौक | सायंकाळी ६:४०

पुस्तकांत लोक त्याला फ्रेंच समजतात आणि तो दर वेळी दुरुस्त करतो. तुम्ही त्या पुस्तकात शोभाल.

खडूफळा | रात्री ८:१५

वाकड्या इंग्रजीवरून आठवलं. 'अ स्कँडल इन बोहेमिया'त होम्सला एक निनावी चिठ्ठी येते. त्यात वाक्य आहे, "धिस अकाउंट ऑफ यू वी हॅव फ्रॉम ऑल क्वार्टर्स रिसीव्ह्ड." होम्स म्हणतो, लिहिणारा जर्मन, कारण क्रियापदाशी इतकं उद्धट जर्मनच वागतो. मी वर्गात हे वाक्य फळ्यावर लिहून विचारायचो, "चूक कुठे?" सगळा वर्ग गप्प. आपलंही क्रियापद शेवटीच बसतं ना! 'तुमच्याबद्दल हे आम्हाला सगळीकडून कळलं आहे.' मुलांना ते वाक्य अगदी घरचं वाटायचं. बोलताना 'हॅव' म्हटलं की पाठोपाठ 'रिसीव्ह्ड' आणायचं, बाकीचं नंतर. एवढं सांभाळलंत तर निम्मं काम झालं.

स्लो_लोकल | रात्री ८:३०

दंडवत मास्तर. यात एक भर. रहस्यकथेत तर्काची वाक्यं सारखी येतात, ती ऑफिसातही चालतात. 'तो आला असणार' म्हणजे 'मस्ट हॅव कम'. 'आला असेल' म्हणजे 'मे हॅव कम'. 'आला असणं शक्यच नाही', 'कान्ट हॅव कम'. 'यायला हवा होता' ते 'शुड हॅव कम'. मी पाच वर्षं 'मस्ट हॅव केम' म्हणत होतो, कोणी टोकलं नाही. माणसं सभ्य असतात, त्यानेच आपला घात होतो.

दुपारची_झोप | रात्री ८:४४

मग सोपी केलेलीच घ्या की. ऑक्सफर्ड बुकवर्म्समध्ये होम्सच्या कथा दुसऱ्या पायरीवर आहेत, सुमारे सातशे वेगवेगळ्या शब्दांच्या शब्दसंग्रहात. 'हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' चौथ्या पायरीवर, चौदाशे. पातळ पुस्तकं असतात, पर्समध्ये मावतात. माझ्या भाचीने चार वाचली.

सातासमुद्रापल्याड | रात्री ८:५०

खिचडी, दाण्याच्या कुटाशिवाय.

दुपारची_झोप | रात्री ८:५२

उपास सोडताना तीच पचते.

तिरपी_मान | बुधवार, सकाळी १०:००

चेस्टरटनचा पाद्री-डिटेक्टिव्ह फादर ब्राउन कोणी सुचवला नाही याचं आश्चर्य वाटतं. खरी भाषा तिथे आहे. एकेक वाक्य तीनदा वाचावं लागतं.

चहाबाज | सकाळी १०:०७

ताईंचं ठाणं येऊन जाईल, वाक्य संपायच्या आत.

वीटभर_पुस्तकं | सकाळी १०:३०

सगळ्यांचं एकमत दिसतंय: मूळ होम्स, छोट्या कथा, प्रत्येक शब्द बघत बसू नये, वही-पेन अजिबात नको, नुसतं वाचत सुटायचं. शब्द तिसऱ्यांदा आला तरच बघायचा.

खडूफळा | सकाळी १०:४४

वही नको असं मी म्हटलेलं नाही. तरी हे बरोबर आहे. उतारे लिहून काढण्यात वेळ जातो आणि डोकं झोपतं. मी मुलांकडून पंधरा वर्षं लिहून घेतलं, फक्त अक्षर सुधारलं.

आगाऊ_कार्टं | सकाळी ११:०१

+१. सापाबद्दल पुन्हा सॉरी.

कंदीपेढा | रविवार, सायंकाळी ७:१८

सगळ्यांचे आभार. थोडं उलटंच झालंय, रागावू नका.

साप आधीच कळल्यामुळे ती गोष्ट सोडली आणि 'रेड-हेडेड लीग' घेतली. (कार्ट्या, एक अक्षर बोलायचं नाही.) त्यात लाल केसांचा एक सावकार आहे, गहाणवटीचं दुकान चालवतो. त्याला नोकरी लागते: रोज दहा ते दोन एका खोलीत बसून एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका हाताने उतरवायचा, आठवड्याला चार पौंड. शाई आणि कागद स्वतःचा. आठ आठवड्यांत बिचारा अ‍ॅबट, आर्चरी, आर्मर, आर्किटेक्चर, अ‍ॅटिका करत पोचतो आणि म्हणतो, आता लवकरच 'बी' अक्षर लागलं असतं. मला इतकं हसू आलं की समोरच्या मावशींनी विचारलं, काय झालं. मीच ती! कॉलेजात असताना डिक्शनरी 'ए'पासून पाठ करायला घेतली होती, 'अ‍ॅबन्डन'च्या पुढे गेले नाही.

म्हणून मी आता तेच करतेय. रोज एक पान हाताने उतरवायचं, एन्सायक्लोपीडियातलं नाही, याच गोष्टीतलं. मास्तर, तुम्ही नको म्हणालात, माहीत आहे. पण उतरवताना 'हॅड' आला की हात थांबतो. जिथे थांबतो तिथे समासात मराठीत लिहिते, "आधीचं" की "त्याच्याही आधीचं". गुरुवारच्या पानात 'हॅड' अकरा वेळा आला. नुसतं वाचताना मला तीनच दिसले होते.

वहीचे ४५ रुपये झाले. गोष्ट फुकट. शुक्रवारी मीटिंगमध्ये चेकचं वाक्य पुन्हा सांगायची वेळ आली. "द पेमेंट हॅड ऑलरेडी बीन मेड व्हेन द चेक बाउन्स्ड." मॅनेजर नुसते "ओके" म्हणाले आणि पुढच्या मुद्द्याकडे गेले. कोणी मागे वळून पाहिलं नाही, हेच हवं होतं.

खडूफळा | रात्री ८:०२

पंधरा वर्षं मी मुलांना समासात काही लिहू दिलं नाही. "समास कोरा हवा" म्हणायचो. पान पाठवा ताई, बघतो.

स्लो_लोकल | रात्री ८:१०

चार पौंड मिळतात का ते विचारा मॅनेजरना.

वीटभर_पुस्तकं | रात्री ८:३१

५५५ रुपये उरले ना? आता किंडलसाठी बाजूला ठेवा.