डायस्टोलिक मर्मर म्हणजे नक्की काय?

डिचोलीकर: मावशीला चढण चढताना धाप लागते म्हणून बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेली, कागदावर 'मिड-डायस्टोलिक मर्मर' लिहून दिलंय. डायस्टोलिक म्हणजे खालचं बीपी ना? मग प्रेशरची गोळी का नाही दिली?

फोंड्याची नर्स: नाही रे, इथे बीपीचा संबंध नाही. मर्मर म्हणजे हृदयाच्या ठोक्यांच्या मधे स्टेथोतून ऐकू येणारा जादा आवाज. डायस्टोल म्हणजे हृदय सैल पडून रक्त भरून घेतं ती वेळ, बीपीचा खालचा आकडा त्याच वेळेचा म्हणून त्यालाही तेच नाव. हृदयाच्या ठोक्याचा आवाज लब-डब असा येतो, त्यातल्या 'डब'पासून पुढच्या 'लब'पर्यंतची ही वेळ. सिस्टोलिक मर्मर, म्हणजे हृदय आवळून रक्त बाहेर ढकलतं तेव्हाचा, तापात, गरोदरपणी, पोरांना काही नसताना पण येतो, डायस्टोलिक मात्र सोडून द्यायचा नसतो, बहुतेक वेळा झडपेचंच काहीतरी निघतं.

पेडण्याचे मास्तर: मर्मर आपल्याकडे जुनाच. अमरकोशात कपड्याच्या, पानांच्या आवाजाला मर्मर म्हटलंय. लॅटिनमध्येही मुर्मुर आहेच. पण डॉक्टर तर गडगड ऐकू येते म्हणतात, तिला मर्मर कसं म्हणायचं?

फोंड्याची नर्स: मास्तर, एकच आवाज नसतो तो. मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली, अरुंद झाली की 'डब'नंतर जरा थांबून खर्जातली गडगड येते, म्हणून 'मिड'. पेशंटला डाव्या कुशीवर वळवून स्तनाखाली स्टेथोची बेल, म्हणजे वाटीसारखी बाजू, हलकेच टेकवायची, दाबलीस की गेला आवाज. आपल्याकडे याचं मुख्य कारण लहानपणीचा रूमॅटिक फीवर, घशाच्या संसर्गानंतर येऊन झडपा खराब करणारा ताप. एओर्टिक झडप, म्हणजे हृदयातून मुख्य धमनीत जायच्या वाटेवरची, गळत असेल, रक्त उलटं येत असेल तर 'डब' झाल्या झाल्या बारीक फुंकर, विरत जाणारी, ती छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला, पेशंटला पुढे वाकवून श्वास सोडून धरायला लावायचा. हिला मर्मर शोभतं बघा. आणि गळती जुनी नि मोठी असली तर खालचं बीपी खरंच उतरतं, 150/50 असं काहीतरी.

डिचोलीकर: म्हणजे मिड लिहिलंय तर मायट्रलच?

फोंड्याची नर्स: बहुतेक, पण पक्कं नाही. एओर्टिकच्या मोठ्या गळतीत मायट्रल झडप धड असूनही तशीच गडगड येते, ऑस्टिन फ्लिंट या अमेरिकन डॉक्टरने 1862 मध्येच लिहून ठेवलंय. त्यात पहिला आवाज, 'लब', मोठा नसतो आणि 'डब'नंतर झडप उघडतानाची 'टक्' पण नसते, मायट्रल अरुंद असली की बहुधा दोन्ही सापडतात. पण कानावर किती भरवसा ठेवणार, टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला का मावशीचा?

डिचोलीकर: सोमवारची तारीख दिलीय.

फोंड्याची नर्स: मग रिपोर्टात मायट्रल झडपेचा एरिया, म्हणजे उघडल्यावर तिचं तोंड किती मोठं होतं ते बघ. 1.5 चौरस सेंटीमीटर किंवा कमी असेल तर ते सिव्हिअर धरतात.